इंजिन बदलणारं गाव

निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, कंपनी सरकार... दौंड-शिरूरच्या मातीनं किती राज्यं बघितली? आणि या सगळ्यात ‘आपण’ नक्की कुणाच्या बाजूनं होतो? उत्तर शोधायला मी गाडी काढली. चला, तुम्हीही मागे बसा.

‘दौंडची आहे,’ असं मी कॉलेजात पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा समोरून आलेलं उत्तर मला अजून आठवतं. ‘अच्छा, जिथं गाडी उगाच अर्धा तास थांबते ते?’

हो, तेच. नगरकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडात आली की उलटी फिरायची. पुढचं इंजिन काढायचं, मागे लावायचं. तोवर तुम्ही खाली उतरून चहा प्यायचा. आता कॉर्ड लाईन झाल्यावर बऱ्याच गाड्या बाहेरूनच जातात, पण ओळख काही पुसली जात नाही. मी तीन वर्षं दौंड-पुणे अप-डाऊन केलं. सव्वाशे जणांच्या डब्यात अडीचशे जण, त्यात खिडकी मिळाली तर नशीब. त्या प्रवासात मला कधीच वाटलं नाही की आपल्या गावाला सांगण्यासारखा काही इतिहास असेल. इतिहास म्हणजे शनिवारवाडा, लाल महाल, फार तर शिवनेरी. आमच्याकडे काय? ऊस, रेल्वे क्वार्टर्स आणि जंक्शन.

मग एका १ जानेवारीला आमच्या वर्गाच्या ग्रुपवर भांडण झालं.

तुमच्याही ग्रुपवर झालं असेल. एकीनं कोरेगावच्या विजयस्तंभाचा फोटो टाकला आणि अभिवादन लिहिलं. दुसऱ्यानं खाली लिहिलं, ‘इंग्रज जिंकले, त्यात आपण काय साजरं करायचं?’ तिसरा म्हणाला, ‘आपण म्हणजे कोण?’ पुढच्या वीस मिनिटांत जे व्हायचं ते झालं. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. हे दोघं फर्स्ट इयरपासून एका डब्यातून खाणारे. त्यानंतर कँटीनमध्ये ते वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले.

त्या गोंधळात कुणीतरी मला टॅग केलं होतं. ‘तू तिकडचीच ना? तूच सांग, तुमच्याकडचे लोक कुणाच्या बाजूनं होते?’

मला उत्तर आलं नाही. मास कॉमची डिग्री, वर पेपरमध्ये इंटर्न, आणि स्वतःच्या भागाबद्दल एक वाक्य धड सांगता येईना. लाज वाटली. म्हणून वाचायला बसले, मग बाबांची गाडी घेऊन फिरले. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

नदी होती, तीच सीमा होती

सुरुवात आमच्या नदीपासून. दौंड भीमेच्या दक्षिण काठावर आहे. पूल ओलांडला की नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. आम्हाला ही फक्त जिल्ह्याची हद्द वाटते. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी मात्र ती दोन बादशाह्यांमधली हद्द होती.

हा सगळा मुलूख आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १४९० मध्ये उभी राहिलेली ही सत्ता १६३६ मध्ये संपली. दिल्लीचा शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांनी तह केला आणि निजामशाहीची वाटणी करून टाकली. भीमा आणि नीरा या नद्यांमधला प्रदेश विजापूरकडे आला, भीमेच्या पलीकडचा नगरचा भाग मोगलांकडे राहिला. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होतेच. फरक इतकाच की त्यांचा धनी आता विजापूरचा झाला.

जरा डोळ्यांसमोर आणा. भीमेच्या अलीकडे शेत असलेला माणूस संध्याकाळी झोपला तेव्हा निजामशाहीतला होता, आणि उठला तेव्हा आदिलशाहीतला. पलीकडच्या काठावर दिलेली त्याची लेक मोगलाईत गेली. त्याला कुणी विचारलं होतं का? अजिबात नाही.

हीच हद्द एप्रिल १६५७ मध्ये मोडली गेली. शिवाजी महाराजांच्या मिनाजी भोसले या सरदारानं घोडदळासह भीमा ओलांडली आणि मोगलांच्या ताब्यातल्या चांभारगोंदे, म्हणजे आजच्या श्रीगोंदा भागात आणि राशीनपर्यंत धडक मारली. मोगलांच्या मुलखात स्वराज्याची ही अगदी सुरुवातीची चढाई. नदी ओलांडून श्रीगोंद्याच्या नातेवाइकांकडे आम्ही लग्नाला जातो, त्याच बाजूनं.

पुढे मोगलांनी याच काठावर मुक्काम ठोकला. दौंडहून थोडं पूर्वेला, नदीपलीकडे पेडगाव आहे. तिथला किल्ला म्हणजे बहादूरगड. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याची ही छावणी. राज्याभिषेकानंतर महिनाभरातच, जुलै १६७४ मध्ये, मराठ्यांच्या दोन हजारांच्या तुकडीनं बहादूरखानाला हुलकावणी देत छावणीपासून लांब नेलं. तो पाठलागावर असताना दुसऱ्या मोठ्या फौजेनं मोकळी छावणी लुटली. एक कोटीची लूट आणि बादशहासाठी राखलेले दोनशे घोडे मराठ्यांच्या हाती लागले. आमच्या शाळेत हा किस्सा सर हातवारे करून सांगायचे, पण हा किल्ला आपल्या घरापासून गाडीवर जाण्याइतका जवळ आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आणि याच गडाची दुसरी आठवण हसण्यासारखी नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबासमोर आणलं गेलं ते इथं. त्यानंतर ११ मार्चला त्यांची हत्या झाली. भीमेच्याच काठानं वर गेलं की तुळापूर आणि वढू बुद्रुक लागतात. वढू शिरूर तालुक्यात. महाराजांची समाधी तिथं आहे. बहादूरगडाला आता धर्मवीरगड म्हणतात. आत पडलेल्या भिंती, बाभळी आणि लक्ष्मीनारायणाचं एक देखणं कोरीव देऊळ. त्या देवळाच्या पायरीवर बसल्यावर मला जाणवलं, की हे देऊळ किल्ल्याच्याही आधीचं आहे. त्यानं यादव पाहिले, निजामशहा पाहिला, औरंगजेबाची छावणी पाहिली. आणि आता सेल्फी काढणारी आमच्यासारखी पोरं.

छावणी पेशव्यांच्या पैशांची, हुकूम कंपनीचा

आता गाडी शिरूरकडे. जुने लोक अजूनही शिरूरला घोडनदी म्हणतात. घोड नदीच्या काठावर, पुणे-नगर रस्त्यावर वसलेलं हे गाव. इंग्रजांना ते आवडलं त्याचं कारणही हेच. पुण्यावर लक्ष ठेवता येतं, नगरवरही.

पण इंग्रज आलेच कसे? लढाई करून नाही. बोलावून.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. त्यातलं मुख्य कलम असं : कंपनीची सहा हजारांची फौज कायम पेशव्यांच्या संरक्षणाला राहील आणि तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. याला म्हणतात तैनाती फौज. दहावीच्या परीक्षेत दोन मार्कांना येते ती.

दोन मार्कांपलीकडे जाऊन बघा, म्हणजे त्यातली गंमत कळेल. तुमच्या घराला तुम्ही वॉचमन ठेवलाय. पगार तुमच्या खिशातून जातो. पण तो ऐकतो शेजाऱ्याचं. आणि त्याला काढून टाकायचा अधिकार तुम्हाला नाही. या वॉचमनचं मोठं ठाणं पुढे शिरूरला होतं.

जून १८१७ मध्ये पुण्याचा आणखी एक तह झाला. पेशव्यांनी स्वतःच्या घोडदळाऐवजी कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचं घोडदळ पोसायचं ठरलं. पूना ऑक्झिलरी हॉर्स हे त्याचं नाव. त्यातूनच पुढे भारतीय लष्कराची ‘पूना हॉर्स’ ही रेजिमेंट घडली. तिच्यात नंतर जी दुसरी पलटण मिसळली, तिची उभारणीही १८२० मध्ये शिरूरलाच झाली होती. परमवीरचक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर (१९६५) आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल (१९७१) याच पूना हॉर्सचे. पेशव्यांना वेसण घालायला उभं केलेलं घोडदळ दीडशे वर्षांनी रणगाड्यांवर बसून भारतासाठी लढलं. आता बोला, ही रेजिमेंट कुणाच्या बाजूची?

३१ डिसेंबरची रात्र

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुण्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि पेशवे फौज घेऊन बाहेर पडले. डिसेंबरअखेर ते पुन्हा पुण्याच्या दिशेनं वळल्याची खबर आली. पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं शिरूरहून मदत मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन साधारण आठशे माणसं आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून निघाला. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे पायदळ शिपाई, ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि तोफांवर मद्रासचे गोरे गोलंदाज. रात्रभर चालून १ जानेवारीला सकाळी ते कोरेगावला पोचले, तर भीमेपलीकडे पेशव्यांची वीस हजारांहून मोठी फौज. पेशव्यांनी पायदळाच्या तुकड्या गावात घुसवल्या. त्यात अरब होते, गोसावी होते, मराठे होते. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. प्यायला पाणी नाही. कंपनीची २७५ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटनची तुकडी पुन्हा शिरूरला परतली.

१८२१ मध्ये कंपनीनं तिथं स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर पडलेल्यांची नावं कोरली. त्यातली बरीच नावं ‘नाक’ या शब्दानं संपतात. ती महार शिपायांची.

आता ग्रुपवरच्या भांडणाकडे या. कंपनीनं स्तंभ उभारला तो स्वतःच्या जयाची जाहिरात म्हणून, यात वाद नाही. पण त्यावर नाव कोरलं गेलं त्या माणसाच्या घरच्यांना तो दगड काय वाटला असेल? गावात ज्याची सावलीही नको होती, त्याचं नाव सरकारी दगडावर, अधिकाऱ्याच्या नावासोबत. पुढे १९ व्या शतकाच्या शेवटी याच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले ते ‘आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं’ असं सांगत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. तेव्हापासून त्या दगडाचा अर्थच बदलला. कंपनी कधीच गेली, तिची जाहिरात कुणाला आठवत नाही. उरली ती नावं.

माझ्या ज्या मित्रानं ‘काय साजरं करायचं’ म्हणून विचारलं, त्याचा प्रश्न वाईट नव्हता. पण त्यानं तो राज्याच्या बाजूनं विचारला होता. फोटो टाकणारी मैत्रीण माणसाच्या बाजूनं बोलत होती. दोघांनी एकाच दगडाकडे बघितलं आणि दोन गोष्टी दिसल्या.

आणखी एक. कोरेगाव भीमा आणि वढू बुद्रुक दोन्ही शिरूर तालुक्यात आहेत, जेमतेम चार-पाच किलोमीटरवर. एकीकडे मोगलांनी मारलेल्या छत्रपतींची समाधी, दुसरीकडे पेशव्यांविरुद्ध लढलेल्या शिपायांचा स्तंभ. एकाच एसटीनं दोन्हीकडे माथा टेकायला जाणारी माणसं मी पाहिली. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

कर्नलला नैवेद्य

शिरूरची सगळ्यात अजब गोष्ट मात्र वेगळीच आहे. तिथं कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. पेशव्यांच्या तैनाती फौजेचा हा प्रमुख १८०९ मध्ये वारला.

१८८५ मध्ये छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर काय सांगतं ऐका. शिरूर आणि आजूबाजूच्या गावांतले लोक या वॉलेसला ‘सतपुरुष’ म्हणायचे. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता बाकी सगळे हिंदू त्याच्या कबरीला भजायचे. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य आधी त्याच्यापुढे. म्हणजे मेल्यानंतर पाऊणशे वर्षांनी एक परका लष्करी अधिकारी गावाचा देव झाला होता!

मला हे वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. ज्या फौजेनं आपलं राज्य बुडवलं, तिच्या अधिकाऱ्याला नैवेद्य? आजोबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “अगं, शेतकरी आहे तो. पाऊस पडावा, रान पिकावं, गुरं जगावीत, एवढंच मागणं. जो ऐकेल असं वाटलं त्याच्यापुढे नारळ फोडला. त्याला काय ठाऊक तो कुठल्या राज्याचा?”

मी वहीत लिहून घेतलं. चारशे वर्षांच्या इतिहासाचं इतकं सोपं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

तलवार गेली, वही आली

जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली आणि आठ लाखांच्या पेन्शनवर तो बिठूरला गेला. मुलूख कंपनीचा झाला. तुम्ही म्हणाल, आमच्या शेतकऱ्याला काय फरक पडला? आधीही सारा भरत होता, आताही भरणार.

खरा फरक इथंच पडला. आधीच्या राज्यांत वरचा राजा बदलला तरी मधला पाटील-कुलकर्णी तोच राहायचा. दुष्काळ पडला की सूट मागता यायची, घासाघीस व्हायची. कंपनीनं प्रत्येक शेत मोजलं, प्रत्येकाचा आकार ठरवला आणि तो रोख भरायला लावला. पुणे भागात १८२०च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली पहिली पाहणी पार फसली. दर इतके चढे की लोक रानं टाकून निघून गेले. मग १८३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी केली, तीस वर्षांचे दर ठरवले. रयतवारी म्हणतात ती हीच.

तीस वर्षं संपली तेव्हा मधे अमेरिकेत एक युद्ध होऊन गेलं होतं. होय, अमेरिकेत! १८६१ ते १८६५ या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडले. नेमका तेव्हाच सरकारनं फेरआकारणीत सारा वाढवला. शेतकरी दोन्हीकडून चिरडला गेला.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४ च्या डिसेंबरात एका सावकारानं दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर एका देशमुखाचं राहतं घर पाडलं. गाव पेटून उठलं आणि सावकारांवर बहिष्कार पडला. त्यानंतर १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेला. त्यांना पैसा नको होता, कागद हवे होते. कर्जरोखे, वह्या, गहाणखतं बाहेर काढून त्यांनी होळी केली. माणसांना फारसा हात लावला नाही. लोण शिरूर, इंदापूर, नगरपर्यंत पसरलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. बारावीच्या इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे वाचलं, ते आपल्या गल्लीतलं आहे हो!

भीमथडी हे नाव ओळखीचं वाटलं? पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते. मांडे, हुरडा, मासवडी खायला तुम्ही जाता ना, तीच. भीमेची थडी, म्हणजे भीमेचा काठ. याच काठावरची तट्टं मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. बुटकी, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर चालणारी. भीमथडी घोड्याची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदही झाली आहे. अजून मेंढपाळांच्या तांड्याबरोबर पाठीवर बिऱ्हाड घेऊन जाताना ती दिसतात. राज्य जिंकणारी जनावरं आता कोंबड्या आणि भांडी वाहतात.

रूळ

घोड्यांचं काम नंतर रेल्वेनं घेतलं. मुंबईहून निघालेला रूळ १८६० पर्यंत सोलापूरला पोचला आणि वाटेत दौंड लागलं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गाव जंक्शन झालं. मधली दोन वर्षं भयंकर दुष्काळाची होती, १८७६ ते १८७८. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी कामाला आलेले मजूर होते. उपाशी माणसांनी पाट्या वाहून घातलेल्या भरावावरून तुमची गाडी जाते. माझीही गेली, तीन वर्षं, कानात इअरफोन घालून.

इंग्रजही गेले. १९४७ आलं, १९६० ला महाराष्ट्र झाला. दौंड स्टेशन सोलापूर रेल्वे विभागात होतं, ते २०२४ मध्ये पुणे विभागात आलं. आमचं हस्तांतरण अजून थांबलेलं नाही, असं आजोबा गमतीनं म्हणतात.

तुमच्या सातबाऱ्यावर कोण कोण?

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरी शेती असेल तर सातबारा काढा. मोबाईलवर निघतो. नसेल तर मित्राचा बघा. वरच लिहिलेलं असतं : गाव, तालुका, जिल्हा. तालुका आणि जिल्हा हे शब्द अरबी-फारसीतून, शाही कारभारातून आलेत. पोटखराब्यातला ‘खराबा’ही तिकडचाच. जमिनीची मोजणी आणि ‘आकार’ यांची पद्धत कंपनीच्या काळातली. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, ते माप फ्रान्समधून आलेलं. आणि मधोमध तुमच्या पणजोबांचं, आजोबांचं, आता कदाचित आईचं नाव. एका कागदावर किती राज्यं बसली आहेत बघा. ती सगळी गेली. नाव लावलेलं घर मात्र अजून तिथंच आहे.

मग ‘तुमच्याकडचे लोक कुणाच्या बाजूनं होते?’ या प्रश्नाचं माझं उत्तर काय? सगळ्यांच्या. कुणी पोटासाठी, कुणी इमानासाठी, कुणी मानासाठी, कुणी दुसरा पर्याय नव्हता म्हणून. एकाच गावातले दोघं समोरासमोर उभे राहिले असतील. त्यांना ‘आपला’ आणि ‘परका’ असे शिक्के मारायला आपण दोनशे वर्षांनी मोबाईल हातात घेऊन बसतो, तेव्हा एवढं तरी विचारावं : त्या माणसाला काय हवं होतं? आणि ते त्याला मिळालं का? या प्रश्नानं भांडण मिटतंच असं नाही. पण बोलणं सुरू राहतं.

त्या दोघांना मी माझ्या फेरीला बोलावलं होतं. मैत्रीण आली. आधी वढूला थांबलो, मग कोरेगावला. स्तंभासमोर ती बराच वेळ एकेक नाव वाचत होती. मित्र आला नाही. पण पेडगावचे फोटो ग्रुपवर टाकल्यावर त्याचा मेसेज आला, ‘हे कुठंय? पुढच्या वेळी सांग.’ मैत्रिणीनं खाली अंगठा टाकला. सध्या एवढंच झालंय. मला ते पुरेसं वाटतं.

तुमची गाडी कधी दौंडात थांबली तर कंटाळू नका. मनमाडकडे जात असाल तर स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात भीमेचा पूल लागतो. इअरफोन काढा आणि खाली बघा. एकेकाळी इथं आदिलशाही संपायची आणि मोगलाई सुरू व्हायची. गाडीला ती हद्द ओलांडायला एक मिनिटही लागत नाही.